शेवटचा रकाना

१

एकसष्ट नंबरची विहीर नकाशावर निळी होती. निळी म्हणजे गोड्या पाण्याची, पिण्याजोगी. त्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध प्यायलेलं अडीच महिन्यांचं बाळही ओठ आणि नखं निळी पडूनच गेलं.

बाळाची आई भूजल कार्यालयाच्या बाहेर बाकावर बसली होती. हातात चार घड्यांचा तो नकाशा. कार्यालयानेच घरोघर वाटलेला. आपल्या गल्लीवर तिने बोट दाबून धरलं होतं, उचललं तर गल्ली पळून जाईल असं.

मुख्य कार्यालयातून चौकशीला आलेल्या बाई तिच्यापाशी थांबल्या. खात्यात त्यांना सगळे ताळेबाई म्हणत. पाण्यात विरघळलेल्या क्षारांची धन बाजू आणि ऋण बाजू जुळते का, हा ताळा पाहणं त्यांचं काम. पण सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की चहात साखर दोनच चमचे पडली ना, याची खात्री केल्याशिवाय त्या कप तोंडाला लावत नसत.

"मी उकळून देत होते हो," आई म्हणाली. "चांगलं खळखळून, तिसरा हिस्सा आटेपर्यंत. उकळलं ते चुकलं का, बाई?"

ताळेबाईंना उत्तर ठाऊक होतं. उकळल्याने जंतू मरतात, पण मैल्यातून पाण्यात उतरणारं, तान्ह्या बाळाला निळं पाडणारं नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं, आणि नायट्रेट उलट दाट होतं.

"आधी तपास होऊ दे," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

आत साहेबांनी तपास उरकून ठेवलेलाच होता.

"कसला तपास, बाई? उघड आहे सगळं. पाण्याचे नमुने आणतात ते आमचे मामा. अडतीस वर्षं नोकरी झाली, गुडघे गेलेत. नमुन्याच्या दिवशी विहिरीवर गेलेच नाहीत. वाटेत कुणाच्या नळावर बाटली भरली आणि घरी बसून कागद रंगवला. निलंबनाचा आदेश टाइप करून ठेवलाय. तुमचा शेरा पडला की उद्या हातात देतो."

"निवृत्तीला किती दिवस आहेत त्यांच्या?"

"एकतीस. त्याला मी काय करू?"

"मी आज सकाळी स्वतः एकसष्टचं पाणी काढून सोबतच्या किटवर तपासलं," ताळेबाई म्हणाल्या. "नायट्रेट एकशे शहाण्णव. मर्यादा पंचेचाळीस. तुमच्या अहवालात किती आहे?"

"बारा."

"आणि विहिरीला लागून संडासाची टाकी फुटलेली आहे. नाक दाबल्याशिवाय तिथे उभं राहवत नाही. शेजारी म्हणतात, चार महिने झाले."

"मग मी काय वेगळं म्हणतोय?" साहेबांनी फायलीतून एक कागद काढून पुढे सरकवला. "वाचा. वासाचा रकाना वाचा."

मामांच्या गोल, सावकाश अक्षरात तिथे लिहिलं होतं: 'नाही'.

२

ताळेबाईंनी तो कागद खिडकीशी नेऊन पाहिला. नमुन्यासोबत येणारा नेहमीचाच कागद. विहीर ६१. तारीख १९, वेळ १०.२०. चव 'गो', म्हणजे गोड. वास नाही. आणि सगळ्यात शेवटी, डोक्यावर नाव नसलेल्या एका छोट्या चौकटीत नुसतंच एक अक्षर: 'ओ'. तारखेतल्या नवाची शेपटी माशाच्या गळासारखी आत वळवलेली.

मग त्यांनी प्रयोगशाळेच्या अहवालातले एकसष्टचे आकडे उतरवून घेतले आणि पेन्सिल पुढे ओढली. मनातून बनवलेले आकडे इथे हमखास सापडतात. माणूस एक आकडा खोटा लिहितो, दोन लिहितो, पण सात आकड्यांची धन बाजू ऋण बाजूशी जुळवताना त्याची दमछाक होते.

बेरीज झाली. ताळा तंतोतंत जुळला.

म्हणजे आकडे बनवलेले नव्हते. कुठलं तरी खरं पाणी खरोखरच तपासलं गेलं होतं, फक्त ते एकसष्टचं नव्हतं. साहेब म्हणत होते तेच खरं. नळाचं पाणी.

ताळेबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. एवढ्यावर शेरा लिहून संध्याकाळच्या गाडीने परत जाता आलं असतं. पण काहीतरी चुकत असल्याची कडवट चव तोंडातून काही जाईना.

३

प्रयोगशाळा एकाच माणसाची होती. नऊ वर्षं प्रबंध लिहीत होता म्हणून सगळे त्याला आधीपासूनच डॉक्टर म्हणत, आणि त्याला ते टोचे. नावाच्या मागे लागायची पदवी नुसती थट्टेतच लागली होती.

"एकसष्टची बाटली तुम्हीच तपासलीत?"

"मीच. इथे दुसरं आहे कोण, भूत?" तो काचेची नळी विसळत म्हणाला. "महिन्याला एकशे चाळीस विहिरी, मॅडम. मागितला होता एक मदतनीस. साहेबांनी कॅलेंडर पाठवलं. तारखा लाल शाईने गोल केलेलं."

"पाण्यात काही वेगळं वाटलं?"

"छे. मामांच्या बाटल्या दोनच जातीच्या. कागदावर 'ओ' असेल तर ओके आणि 'भ' असेल तर भानगड. 'भ' दिसला की मी समजतो, आज क्षार चढलेले असणार."

ताळेबाई हसल्या. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू, आणि शेवटचं.

"मामांचं काय करणार?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"निलंबन म्हणतायत साहेब."

नळी पाण्याखाली तशीच राहिली. "निलंबन? महिना उरलाय त्यांचा. नुसती ताकीद देऊन सोडतील ना? म्हातारा माणूस आहे, मॅडम. गुन्हेगार नाही."

ताळेबाई निघताना फडताळाशी थबकल्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. क्षणभर त्यांना वाटलं, या मामांनीच लिहिल्यात. एकोणनव्वद, नव्वद, एक्याण्णव. प्रत्येक नवाची शेपटी गळासारखी आत वळलेली.

४

"मामा साऱ्या जगाचे मामा, पण डॉक्टरचे सख्खे," नकाशावाली म्हणाली. ही तिशीतली मुलगी, दोन पडद्यांसमोर बसून शहराखालच्या पाण्यात रंग भरणारी. "आईविना पोर. मामांनी वाढवलं, पाटीवर अक्षर गिरवून घेतलं, इथे चिकटवलंही मामांनीच. नाहीतर एवढा प्रबंध लिहिणाऱ्याला कोण उभं करतंय?"

"तुम्ही रंग कसा भरता ते सांगा."

"आकडा येतो, मी रंग भरते. निळा, पिवळा, लाल. बालवाडीच म्हणा ना."

"आणि आकडा आलाच नाही तर?"

ती खुर्ची वळवून नीट बसली. "तर ती जागा पांढरी सोडायची. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. पण साहेब म्हणतात, पांढरा डाग म्हणजे कोड. लोक विचारतील, इथे काय झालं? पूर्वी महिन्याला चार-पाच डाग असायचे. कुठे झाकण गळलं, कुठे बाटली फुटली. गेली दोन वर्षं एकही नाही. साहेबांनी भर बैठकीत डॉक्टरची पाठ थोपटली."

"दोन वर्षांत एकही झाकण गळलं नाही?"

"तेच मी म्हणाले, तर म्हणे, तुला कामाचा हेवा वाटतो."

"पांढरी जागा तुमचा संगणक आपणहून भरू शकतो?"

"भरतो की. शेजारच्या विहिरी बघून सरासरी ठोकून देतो. मी ते बटण बंद ठेवलंय. जमिनीखाली शेजार नसतो, मॅडम. इथे गोडं, दहा पावलांवर गटार."

सरासरी. ताळेबाईंनी हात पुढे केला. "साठ आणि बासष्टचे आकडे काढा पाहू."

साठ नंबरात नायट्रेट नऊ, बासष्टात पंधरा. एकसष्टात बारा. क्लोराइड दोनशे बारा आणि दोनशे अठ्ठेचाळीस. एकसष्टात दोनशे तीस. कठीणपणा एकशे चौऱ्याऐंशी आणि दोनशे दोन. एकसष्टात एकशे त्र्याण्णव. सातच्या सात आकडे बरोब्बर मधोमध.

त्यांना स्वतःचाच राग आला. दोन खऱ्या आकड्यांच्या मधला आकडा घेतला तर ताळा जुळणारच! बापाची धन-ऋण जुळते, आईची जुळते, तर पोराची का न जुळावी? नळ नव्हता, बाटली नव्हती, पाणीच नव्हतं. ते बाळ एका सरासरीच्या भरवशावर वाढत होतं.

"आता मला सांगा," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमचं ते बटण बंदच होतं, हे मी कशावरून मानू?"

नकाशावालीचा चेहरा उतरला. तिने खुर्ची पुन्हा पडद्यांकडे वळवली.

५

मामा दोरांच्या खोलीत स्टुलावर बसले होते. भिंतीवर दोरांची वेटोळी, खाली रिकाम्या बाटल्यांची खोकी. गुडघ्याला फडकं बांधलेलं. चौकशीला बसलेला माणूस हात चोळतो. मामा दोराचा सुटलेला पीळ वळत होते.

"गेलो होतो, बाई. दहाच्या सुमाराला. समुद्र ऐन भरात, त्यामुळे विहीरही वर आलेली, दोर चार हातसुद्धा लागला नाही. चव मचूळ. ना धड गोड, ना धड खारं. आणि वास असा की घरी जेवण गेलं नाही. सगळं लिहिलंय मी. टाकी फुटलीय, पुन्हा तपासा, असंही. कागद बघा ना माझा!"

"साहेबांनी तुम्हाला कागद दाखवला नाही?"

"आम्हाला कोण दाखवतंय! आम्ही आणून द्यायचं."

ताळेबाईंनी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. मामांनी चष्मा पुसला, चढवला आणि शिकताना वाचतात तसं अक्षराखालून बोट फिरवत वाचू लागले. विहीर. तारीख. वेळ. 'गो' पाशी बोट अडखळलं. 'नाही' पाशी मान हलली. पण थांबलं ते अगदी शेवटी, त्या बिननावाच्या चौकटीवर. तिथे ते बोट ठोकल्यासारखं राहिलं.

बाहेर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. मामांनी चष्मा काढला.

"अक्षर माझंच आहे, बाई," ते म्हणाले. "मीच लिहिलंय हे. गेलो नव्हतो मी. गुडघा दुखत होता. साहेबांना सांगा, कुठे सही करायची."

६

मामांचं बोट ज्या अक्षरावर थांबलं, त्यात काहीतरी होतं. ताळेबाईंनी त्याच दिवसाचे तीन कागद शेजारी शेजारी मांडले. साठ, नऊ चाळीस: 'भ'. एकसष्ट, दहा वीस: 'ओ'. बासष्ट, अकरा पाच: 'भ'.

मग त्यांनी दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. हे शेवटचं अक्षर कशाचं?

"भरती, ओहोटी," साहेब वरही न बघता म्हणाले. "खुर्चीत जन्मलो नाही मी, बाई. दहा वर्षं दोर ओढलाय. किनाऱ्यालगत भरतीला विहिरी फुगतात, क्षार चढतात. मामांनीच सुरू केलं ते लिहायला. बघत कुणी नाही."

"भरती, ओहोटी," नकाशावालीही म्हणाली. "माझे वडील होडीवर होते. अक्षरांच्या आधी हे शिकले मी."

तिसऱ्याला विचारायची गरजच नव्हती. त्याने न विचारताच सांगून टाकलं होतं.

साहेबांच्या खोलीत चौघांना बोलावलं तेव्हा कबुलीचा कागद टेबलावर तयार होता आणि मामांच्या हातात पेन होतं.

"एकच मिनिट," ताळेबाई म्हणाल्या. "हे आकडे तपासलेले नाहीत, साठ आणि बासष्टच्या मधले काढलेले आहेत. ते काम आकडे हाताशी असलेल्या कुणालाही जमलं असतं. साहेबांना, नकाशावाल्या बाईंना, डॉक्टरांना. पण नंतर कुणीतरी मामांचा मूळ कागद काढून, मामांनीच गिरवून घेतलेल्या अक्षरात, हा नवा घातला. 'मचूळ'चं 'गोड' केलं, वास पुसला. आणि सगळं कसं छान होतं हे ठसवायला शेवटी 'ओ' लिहिलं. नऊ चाळीसला भरती, अकरा पाचला भरती, आणि मध्येच दहा वीसला ओहोटी! समुद्र काय पान खायला मागे गेला होता? साहेबांनी दोर ओढलाय, या बाई होडीवाल्याच्या लेक. 'ओ'ला ओके समजणारा या कार्यालयात एकच माणूस आहे."

डॉक्टरने मामांकडे बघायचं टाळलं.

"पण मामांनी कबूल केलंय ना?" साहेब घाईने म्हणाले. "कशाला घोळ वाढवता? करा हो मामा सही."

"माझीच चूक आहे," मामा म्हणाले. "पोराला मध्ये आणू नका." पेन कागदाला टेकलं.

"करा," ताळेबाई म्हणाल्या. "तुम्ही सही केलीत की एकसष्ट तेवढी खोटी ठरेल आणि बाकीचा नकाशा खरा. मी दुपारभर बसून एकशे चाळीस विहिरी पडताळल्या, मामा. एकसष्ट सोडून आणखी नऊ बरोब्बर मधोमध निघाल्या. नऊ निळ्या विहिरी. आत्ता आपण बोलतोय तेव्हा कुणीतरी तिथे पोहरा सोडत असेल. सही करायची तर त्यांच्याही नावाने करा."

पेन थांबलं. मामांनी मान वळवून भाच्याकडे पाहिलं.

"नऊ?"

"झाकण गळलेलं होतं," डॉक्टर जमिनीशी बोलल्यासारखा म्हणाला. "बाटली रिकामी आली. तुम्हाला पुन्हा तिथवर पाठवायचं जिवावर आलं, मामा. गुडघा धरून बसायचात तुम्ही. आणि साहेबांना डाग नको. एकदा केलं, काही झालं नाही. मग होत गेलं. कागदावरचा शेरा मी वाचलाच नव्हता हो. बाळ गेल्यावर वाचला." त्याने खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून घडी. "फाडवला नाही मला."

मामांचा मूळ कागद. चव 'म', मचूळ. वास फार. शेजारी संडासाची टाकी फुटली आहे, पाणी पुन्हा तपासावे. शेवटी, ठसठशीत: 'भ'.

"वाटलं, तुमचा महिनाच उरलाय. ताकीद देतील आणि सोडतील."

जगाला मामा बनवणारे पुष्कळ असतात. याने सख्ख्या मामालाच मामा बनवलं होतं, आणि तेही त्याच्या गुडघ्याची दया येऊन. मामांनी कबुलीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवून दिलं.

डॉक्टरने हळू आवाजात विचारलं, "एवढी वर्षं... ते ओहोटीचं आहे, मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विहिरीवर आलास?" मामा म्हणाले.

७

आदेशावर दुसरं नाव टाइप व्हायला दहा मिनिटं लागली. साहेबांचं नाव कुठेच आलं नाही. पांढरा डाग नको, असं त्यांनी कधी लेखी दिलेलं नव्हतं. ताळेबाईंनी ते अहवालात लिहिलं, आणि लिहिताना त्यांना ठाऊक होतं की ते पान वर कुणी वाचणार नाही. शेवटच्या रकान्यासारखंच.

मामा नऊ बाटल्या आणि दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन निघाले होते. नकाशावाली तिच्या पडद्यावर एकामागून एक नऊ जागा पांढऱ्या करत होती.

बाकावर आई अजून बसून होती. ताळेबाई तिच्या शेजारी टेकल्या. विहीर खरंच कशी होती, कुणी काय केलं, सगळं त्यांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नावाचं तिला काही पडलेलं नव्हतं.

"आणि उकळलं ते?" तिने विचारलं. "नुसतंच दिलं असतं तर?"

एकशे शहाण्णव. तिसरा हिस्सा आटला. आकडा आपोआप पुढे सरकू लागला, दोनशे नव्वदच्याही पलीकडे गेला. दोनशे नव्वदला काय होतं आणि एकशे शहाण्णवला काय झालं असतं, किंवा कदाचित झालं नसतं, हा हिशेब त्यांना करता आला असता. पेन्सिल हातातच होती.

"काही फरक पडला नसता," ताळेबाई म्हणाल्या.

आईने मान हलवली आणि नकाशाची घडी घालायला घेतली. ताळेबाईंनी पेन्सिल पर्समध्ये टाकली. शेजारच्या आकड्यांवरून उत्तर ठोकून देणारा आज कार्यालयात आणखी एक माणूस झाला होता.